बेल्ट देणारा कोण, तपासणारा कोण?
सोलच्या गंगनाम भागात १९७२ साली उभ्या राहिलेल्या कुक्कीवॉनकडून तायक्वांदोच्या ब्लॅक बेल्टची प्रमाणपत्रं जगभर जातात, आणि तिथला हिशेब काटेकोर आहे: फर्स्ट डॅन या ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीवरून सेकंडला किमान एक वर्ष, तिथून थर्डला दोन, मग तीन, आणि आठव्यावरून नवव्या डॅनला तब्बल नऊ. ब्लॅक बेल्टआधीच्या यलो, ग्रीन, ब्लू, रेड बेल्टची परीक्षा मात्र ज्या त्या क्लासचे सरच घेतात. शिकवणारे तेच, पास करणारे तेच, आणि परीक्षेची फी घेणारेही तेच! अख्खी बॅच दर परीक्षेला एकजात पुढच्या रंगात गेली की सोसायटीच्या हॉलमध्ये आईबाबांचे मोबाइल लखलखतात, फोटोही झकास येतात. पण लाथ मारून तोल न सावरणाऱ्या पोराची ती सरळ फसवणूक असते. असे बेल्ट देणं थांबलंच पाहिजे. कोरियात ब्लॅक बेल्टसाठी वेगवेगळ्या क्लासची मुलं एकत्र येतात, पूमसे (हालचालींचा ठरलेला क्रम) आणि लढत बाहेरचे परीक्षक पाहतात. आपल्या जिल्हा संघटनांनी ही रीत ब्लू बेल्टपासूनच लावावी. शिखर संस्थांनीही मानद डॅन बंद करावेत. जागतिक महासंघानं पुतिन यांना २०१३ मध्ये दिलेला मानद नववा डॅन युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये काढून घेतला. त्याच्या आदल्याच वर्षी कुक्कीवॉननं तो डोनाल्ड ट्रम्प यांनाही देऊन टाकला होता. घाम गाळून तिथवर पोचलेल्या मास्तरांना काय वाटलं असेल!