शिट्टीनंतरचा प्रश्न

कबड्डीच्या सामन्यावर एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक देखरेख करतात. पंचांचा निर्णय सर्वसाधारणपणे अंतिम असतो. दोन पंचांचे जुळले नाही किंवा प्रसंगच तसा बाका असला, तर सरपंचाचा शब्द चालतो. रत्नागिरी जिल्ह्यात खेडपासून राजापूरपर्यंत गावोगावच्या मंडळांचे सामने याच माणसांच्या भरवशावर पार पडतात. पाणी मारून चोपलेली तांबडी माती, फक्कीने आखलेल्या रेषा, बांबूवर टांगलेले दिवे आणि दोरीला टेकून उभे असलेले गाव, एवढाच तिथला सरंजाम. फेरतपासणीचा पडदा तिथे नसतो. म्हणूनच एखाद्या निर्णयावरून आरडाओरडा झाला की दुसऱ्या दिवशी नाक्यावर तीच वाक्ये ऐकू येतात: कॅमेरा असता तर हे झालेच नसते, पंच ठाम हवा, एकदा शिट्टी मारली की मागे फिरू नये, आणि वाद पेटलाच तर एक गुण यांना, एक त्यांना देऊन मोकळे व्हावे. तिन्ही मते सद्‌हेतूने मांडली जातात, पण तिन्ही चुकीची आहेत.

निर्णय नेमका कुठे अडतो, ते आधी पाहायला हवे. बोनस गुण हे त्याचे उत्तम उदाहरण. बचावाला किमान ६ खेळाडू मैदानात असताना चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकायचा आणि त्या क्षणी त्याचा मागचा पाय जमिनीला टेकलेला नसावा. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा असते. कोपऱ्यातला पाय पलीकडे पडला की नाही, हे त्या बाजूचा पंच चांगले पाहतो. पण मागचा पाय त्याच्यापासून अनेकदा चढाईपटूच्याच शरीराआड जातो आणि तो समोरच्या पंचाला दिसतो. एका गुणाचा पुरावा असा दोन माणसांच्या डोळ्यांत वाटला गेलेला असतो. त्यात मातीवरच्या रेषा ३ ते ५ सेंटीमीटर रुंदीच्या. दहाएक मिनिटे पाय घासले की कोपऱ्यातली फक्की विसकटते आणि रेषेची धार कुठे होती हेच सांगता येत नाही. उलट, ताजी फक्की असेल तर तिच्यावर उमटलेला अंगठा वाकून पाहणाऱ्या पंचाला नेमके उत्तर देतो. मॅटवर ही सोय नाही.

पाय कुठे पडला, हात लागला का, अशा प्रश्नांना कॅमेरा उत्तर देतो, यात शंका नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने ते घरोघरी दाखवले. पण वादाचे मूळ दरवेळी नजरेत नसते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारत आणि इराण अंतिम सामन्यात २८-२८ वर होते. शेवटचे क्षण उरले असताना भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, गेला आणि त्याला धरायला इराणचे बचावपटूही लॉबीत उतरले. स्पर्श किंवा झटापट होईपर्यंत लॉबी खेळात धरली जात नाही. कोणाचा पाय कुठे होता, हे सगळ्यांनी स्वच्छ पाहिले होते. भांडण होते ते नियमावर. चढाईपटू एकटा बाद धरायचा, की त्याच्यामागे लॉबीत गेलेले बचावपटूही बाद धरायचे? लीगमधली पद्धत एक सांगत होती, आंतरराष्ट्रीय नियमाचा आधार घेणारे दुसरे सांगत होते. निर्णय फिरला, दोन्ही संघ मैदानातच बसून राहिले, सामना जवळपास तासभर खोळंबला आणि अखेर भारताने तो ३३-२९ असा जिंकला. तिथे कॅमेऱ्यांचा तोटा नव्हता. तोटा होता तो सामन्याआधी एका वाक्यात व्हायला हव्या असलेल्या खुलाशाचा.

पंचगिरीच्या यंत्रणेवर ज्या खेळांनी सर्वाधिक मेहनत घेतली, त्यांत रग्बी पुढे आहे. तिथे मुख्य पंचाच्या कानात यंत्र असते, त्याचे बोलणे प्रेक्षकांपर्यंत जाते आणि पडद्यामागे बसलेल्या पंचाला तो विचारू शकतो. पेनल्टीची किक खांबांमधून गेली तर ३ गुण मिळतात. खांबांपाशी उभे राहिलेले दोन सहायक पंच झेंडा वर करतात आणि ते काम सहसा सोपे असते. अवघड असते ते त्याआधीचे: हा अपराध पेनल्टीचा, की नुसत्या स्क्रमचा? १८ ऑक्टोबर २०१५ रोजी ट्विकनहॅमवर विश्वचषकाच्या उपउपांत्य सामन्यात स्कॉटलंड ३४-३२ ने पुढे असताना पंच क्रेग जुबेर यांनी स्कॉटलंडच्या खेळाडूला ऑफसाइड ठरवून ऑस्ट्रेलियाला पेनल्टी दिली. बर्नार्ड फोलीने ती मारली आणि ऑस्ट्रेलिया ३५-३४ ने जिंकला. चेंडूला मध्ये ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूचा हात लागला होता, त्यामुळे स्क्रम द्यायला हवा होता, असे जागतिक संघटनेने दुसऱ्या दिवशी जाहीर केले. पडद्यामागचा पंच हजर होता, पण तेव्हाच्या नियमांनी हा प्रश्न त्याला विचारण्याची मुभाच नव्हती. यंत्र असूनही विचारता आले नाही, याची किंमत एका संघाला विश्वचषकातून बाहेर पडून मोजावी लागली.

ठामपणाच्या आग्रहाला उत्तर दोन वर्षांनी ऑकलंडला मिळाले. ८ जुलै २०१७ रोजी न्यूझीलंड आणि ब्रिटिश-आयरिश लायन्स यांच्यातल्या तिसऱ्या कसोटीत शेवटच्या मिनिटांत १५-१५ अशी बरोबरी होती. पंच रोमाँ पुआत यांनी आधी न्यूझीलंडला पेनल्टी दिली, मग चित्रफीत पाहिली, सहकाऱ्यांशी बोलले आणि ऑफसाइड अजाणता घडला असे ठरवून पेनल्टीऐवजी स्क्रम दिला. सामना आणि मालिका दोन्ही बरोबरीत सुटले. हेतूविषयीचा त्यांचा निष्कर्ष न्यूझीलंडमध्ये अनेकांना आजही पटत नाही आणि त्या आक्षेपात बळ आहे. परंतु शिट्टीनंतर विचार करणे हाच दोष, असे म्हणणारे त्या आक्षेपामागे लपू शकत नाहीत. शिट्टी खेळ थांबवते, निर्णय त्यानंतर येतो. स्वतःच्या शंकेवर शिट्टीचा आवाज चढवणारा पंच ठाम नव्हे, हट्टी असतो, आणि मैदानातल्या पोरांना त्या दोहोंतला फरक लगेच कळतो.

समतोल साधण्याचा सल्ला मात्र या तिन्हींत सर्वांत घातक. चुकून दिलेल्या गुणाची भरपाई दुसऱ्या चुकीच्या गुणाने करायची, म्हणजे न केलेल्या चुकीची शिक्षा सातजणांना द्यायची. उन्हाळी सुट्टीत मुंबईहून आलेला चाकरमानी असो वा रोज पहाटे सराव करणारा गावातला मुलगा, त्याने केलेली खरी पकड कोणाच्या तरी समाधानासाठी पुसली जाते. असा गुण दिल्यावर मंडप शांत होतो, हे खरे. पण पुढच्या चढाईपासून दोन्ही संघ रेषेऐवजी पंचाचा चेहरा पाहू लागतात. आरडाओरडा केला की काहीतरी पदरात पडते, हा धडा तिथेच गिरवला जातो.

अवघड निर्णयाची रीत गावच्या मैदानावरही पाळता येते आणि तिला पैसे लागत नाहीत. नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना लॉबीचा कोणता अर्थ लागू आहे, ते सरपंचाने स्पष्ट सांगावे. शंका आली की पंचाने शिट्टी मारून गुणाची खूण न करता हात खाली ठेवावा आणि समोरच्या पंचाला एकच नेमका प्रश्न विचारावा: मागचा पाय टेकला होता का? ‘बोनस झाला का’ असे विचारले की समोरच्याचे मत मिळते, त्याने पाहिलेले मिळत नाही. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तरच सरपंचाकडे जावे. निर्णय झाला की तो कारणासह, दोरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगावा. गुणलेखकाने पंचाची खूण होईपर्यंत पेन टेकवू नये. आणि रेषा पुसली असेल तर मध्यंतराची वाट पाहण्याचे कारण नाही. रेषा पुन्हा आखण्यासाठी पंच स्वतः वेळ थांबवू शकतो, असे नियमातच आहे. फक्कीचे घमेले मैदानाबाहेर भरून ठेवलेले असावे, एवढीच त्याची पूर्वतयारी.