जर्सी बदलणाऱ्याला गद्दार म्हणण्यापूर्वी

२०२२ च्या मार्च महिन्यातील ती संध्याकाळ न्यू जर्सीत राहणाऱ्या आम्हा मित्रमंडळींना आजही आठवते. एका बाजूला जर्सी सिटीतील सेंट पीटर्स हे छोटेसे विद्यापीठ, पंधराव्या मानांकनावर राष्ट्रीय स्पर्धेत आलेले. आणि दुसऱ्या बाजूला केंटकीसारखा बलाढ्य संघ. जर्सी सिटीतील भाड्याच्या घरांत अमेरिकेतील पहिली वर्षे काढलेली आपली कित्येक कुटुंबे आहेत; परंतु त्यांच्यापैकी फार थोड्यांनी या विद्यापीठाची दखल घेतली होती. त्या रात्री अतिरिक्त वेळेत केंटकी ८५-७९ असे हरले. मग मरे स्टेट हरले, मग पर्ड्यू. पंधरावे मानांकन असलेला संघ शेवटच्या आठांत पोहोचण्याची ती इतिहासातील पहिलीच वेळ होती. ज्यांचा कुणी विचारही करत नाही अशा मुलांनी राजवाड्याचे दार ठोठावावे आणि ते उघडावे, हे दृश्य पाहताना आपल्या माणसांचा कंठ का दाटून आला, हे या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

२७ मार्चला नॉर्थ कॅरोलायनाने सेंट पीटर्सला ६९-४९ असे हरवले आणि ती वाटचाल थांबली. त्यानंतर तीनच दिवसांत प्रशिक्षक शाहीन हॉलोवे यांनी काही मैलांवरील सीटन हॉल विद्यापीठाची नोकरी स्वीकारली. ते त्यांचे जुने विद्यापीठ. तेथेच ते खेळाडू म्हणून घडले होते. त्यांचे अभिनंदन झाले आणि ते योग्यच होते. पुढे संघातील बहुतेक प्रमुख खेळाडूही एकेक करून बाहेर पडले. कुणी ब्रायंटला गेला, कुणी सेंट बोनाव्हेंचरला, कुणी प्रशिक्षकांच्या मागोमाग सीटन हॉलला. येथे मात्र सूर पालटला. आमच्या बैठकीतही एक शब्द उच्चारला गेला : गद्दार. तो उच्चारणाऱ्या मित्राने त्याच महिन्यात, बऱ्यापैकी पगारवाढ घेऊन, आपली चौथी कंपनी धरली होती. आणि त्याने वाटलेले पेढे आम्ही सर्वांनी आनंदाने खाल्ले होते.

दरवर्षी वसंत ऋतू आला की हा शब्द पुन्हा कानावर येतो. २०२५ मध्ये तर राष्ट्रीय स्पर्धा चालू असतानाच, २४ मार्च रोजी, पुरुषांच्या बास्केटबॉलसाठी ट्रान्सफर पोर्टल उघडले आणि दोन हजारांहून अधिक खेळाडूंनी त्यात आपली नावे नोंदवली. कुणी जर्सी जाळतो, कुणी वीस वर्षांच्या मुलाला शिव्याशाप लिहून पाठवतो, कुणी 'आता या खेळात राम राहिला नाही' म्हणून दूरचित्रवाणी संच बंद करतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : चाहत्याचे दुःख खरे आहे, परंतु त्याने आरोपी चुकीचा निवडला आहे.

पूर्वी काय होते, हे आधी पाहू. महाविद्यालयीन क्रीडाव्यवहार चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या नियमानुसार, बास्केटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्याने विद्यापीठ बदलले तर साधारणपणे त्याला एक पूर्ण हंगाम बाकावर बसून काढावा लागे. सराव करायचा, वर्गात जायचे, पण सामना खेळायचा नाही. पोर्टल आले ऑक्टोबर २०१८ मध्ये; ते म्हणजे जाऊ इच्छिणाऱ्यांच्या नावांची नोंदवही. एप्रिल २०२१ मध्ये सर्व खेळांतील खेळाडूंना एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. दुसऱ्यांदा बदलणाऱ्याला मात्र विशेष परवानगी मागावी लागे आणि ती नाकारली जाई. डिसेंबर २०२३ मध्ये ओहायोसह सात राज्यांनी या नियमाविरुद्ध संघराज्य न्यायालयात दाद मागितली, पश्चिम व्हर्जिनियातील न्यायालयाने नियमाला स्थगिती दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने तो सोडून दिला. आता अभ्यासात पात्र असलेला विद्यार्थी कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळू शकतो.

ज्यांना हे स्वातंत्र्य खुपते त्यांनी जुन्या व्यवस्थेचा हिशेबही तपासावा. कित्येक दशके शिष्यवृत्ती एकाच वर्षाची असे आणि तिचे नूतनीकरण प्रशिक्षकाच्या हाती असे. म्हणजे विद्यापीठ मुलाला वर्षाअखेरीस निरोप देऊ शकत होते. मुलाने निरोप घेतला तर मात्र त्याला वर्षभराची शिक्षा. मार्चमधील स्पर्धेच्या प्रक्षेपणहक्कांचा २०१० साली झालेला करार चौदा वर्षांसाठी सुमारे १०.८ अब्ज डॉलरचा होता. त्या पैशातून प्रशिक्षकांचे पगार, क्रीडासंकुले आणि अधिकाऱ्यांची कार्यालये उभी राहिली. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलांना, ज्यांतील फार मोठा भाग कृष्णवर्णीय आहे, शिक्षण आणि राहण्याजेवण्याचा खर्च मिळे. स्वतःच्या नावाचा मोबदला घेण्याची परवानगी त्यांना १ जुलै २०२१ पासून मिळाली, तीही सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या विरोधात एकमताने निकाल दिल्यानंतर दहाच दिवसांनी. एनसीएए तीन दशकांहून अधिक काळ चालवणारे वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर लिहिलेल्या पुस्तकात या व्यवस्थेची तुलना मळेवाल्यांच्या मनोवृत्तीशी केली होती.

आता प्रशिक्षकांकडे पाहू. २०२३ च्या मार्चमध्ये रिक पिटिनो आयोना हे छोटे विद्यापीठ सोडून सेंट जॉन्सला गेले. त्यांचा खेळाडू वॉल्टर क्लेटन धाकटा आपल्या राज्यात, फ्लोरिडा विद्यापीठात, गेला. दोन वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, फ्लोरिडाने अंतिम सामन्यात ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवले आणि क्लेटन स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याच्या सोबतचे दोन गार्ड, अलायजा मार्टिन आणि विल रिचर्ड, हेही दुसऱ्या विद्यापीठांतूनच आलेले. फ्लोरिडाच्या चाहत्यांनी त्या रात्री या तिघांना गद्दार म्हटले नाही. आलेला आपला आणि गेलेला गद्दार, असा हा न्याय आहे.

प्रशिक्षकांचीही हुर्यो होते, हे मान्य. जॉन कॅलिपारी केंटकी सोडून आर्कान्साला गेले आणि १ फेब्रुवारी २०२५ रोजी नव्या संघासह जुन्या मैदानावर परतले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो केलीच. परंतु प्रशिक्षकाला नवे घर धरल्यावर वर्षभर बाकावर बसवण्याचा नियम कुणी कधी केला नाही. त्यांच्या जाण्याला 'कारकीर्द' म्हणतात आणि मुलाच्या जाण्याला 'निष्ठेचा अभाव'. ज्याच्या हाती कमी सत्ता असते त्याच्याकडूनच अधिक निष्ठा मागितली जाते.

निष्ठा म्हणजे नेमके काय, हेही विचारले पाहिजे. स्पेनमध्ये जन्मलेला आणि इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे वाढलेला ग्रेट ओसोबोर हा खेळाडू मोंटाना स्टेट, युटा स्टेट आणि वॉशिंग्टन अशा तीन विद्यापीठांतून खेळला. दोन संघांच्या चाहत्यांना तो सोडून गेला असेच वाटले असणार. परंतु तिन्ही ठिकाणी त्याचे प्रशिक्षक एकच होते, डॅनी स्प्रिंकल. ज्याने आपल्याला पारखले त्याच्यावर त्याची निष्ठा होती; ती जर्सीच्या रंगावर नव्हती एवढेच. आणि केलेब लव्ह? २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याच्या २८ गुणांच्या बळावर नॉर्थ कॅरोलायनाने कट्टर प्रतिस्पर्धी ड्यूकला उपांत्य सामन्यात हरवले. पुढल्या हंगामात अव्वल म्हणून सुरुवात केलेला तोच संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचलाच नाही, दोषाचा मोठा वाटा लव्हच्या माथी मारला गेला आणि तो ॲरिझोनाला गेला. वर्षभरापूर्वी ज्याला खांद्यावर घेतले, त्याच्यावरची चाहत्यांची निष्ठा किती महिने टिकली, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मिशिगन सोडून कॅन्ससला गेलेल्या हंटर डिकिन्सनने टीकाकारांना दिलेले उत्तर आम्हाला विशेष बोचले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, मला नावे ठेवणारे लोक दहा हजार डॉलरच्या वाढीसाठी उद्या आपली नोकरी सोडतील. हे वाक्य आपल्यासारख्यांनाच उद्देशून आहे. आम्ही संगणक अभियंते आहोत. भारतातील आमच्या पहिल्या कंपनीने दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला होता; मुदतीपूर्वी सोडल्यास पैसे भरा. कंपनीला मात्र आम्हाला एका महिन्याच्या नोटिशीवर घरी पाठवता येत होते. येथे आल्यावर व्हिसा मालकाशी बांधलेला. नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच काम बदलण्याची मुभा एच-१बी धारकांना मिळाली ती २००० सालच्या कायद्याने, तेव्हा आमच्या आधी आलेल्यांनी केवढा सुस्कारा टाकला असेल! ग्रीन कार्डाची प्रक्रिया पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करावी लागू नये म्हणून अपमान गिळत एकाच टेबलाशी वर्षानुवर्षे बसलेली माणसे आपल्यात आजही आहेत. जाता न येणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

आणि त्याच्याही मागे जायचे तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीपर्यंत जावे लागेल. महार वतन हा मोबदल्यापेक्षा बंधनच अधिक असलेला व्यवहार होता. जमिनीचा तुकडा आणि बलुते यांच्या बदल्यात अख्खे कुटुंब गावाच्या आणि सरकारच्या हुकमाला रात्रंदिवस बांधलेले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते हे बंधन सैल करण्यासाठी. लाखो डॉलर मिळवणाऱ्या खेळाडूची तुलना त्या वेठीशी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तसे करणे पूर्वजांच्या यातनांचा अवमान ठरेल. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की, ज्यांच्या घरात 'इमानाने राहा' या उपदेशाची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली गेली, त्यांनी तरी हा उपदेश दुसऱ्याला करताना दोनदा विचार करावा.

याचा अर्थ सारे काही आलबेल आहे असा नाही. छोट्या विद्यापीठाने मुलगा घडवायचा आणि तो नावारूपाला आला की मोठ्याने उचलायचा, हे आता नित्याचे झाले आहे. विद्यापीठ बदलताना सर्व विषयांचे श्रेयांक नव्या ठिकाणी धरले जातातच असे नाही, आणि सतत फिरणाऱ्या मुलाची पदवी मागे पडू शकते. पोर्टलमध्ये नाव घालणाऱ्या प्रत्येकाला नवा संघ मिळतोच असेही नाही. हाती असलेली शिष्यवृत्ती सोडून रिकाम्या हाताने उभी राहिलेली मुलेही त्यात असतात. चार वर्षे एकाच मुलाला मोठा होताना पाहण्याचा जो आनंद चाहत्याला मिळत असे तो दुर्मीळ झाला आहे. या तक्रारी आम्हाला मान्य आहेत. परंतु त्यांपैकी एकही मुलाला पुन्हा बाकावर बसवल्याने सुटत नाही.

ज्या उद्योगात पैसा आहे, श्रम आहे आणि मालक आहे, तेथे स्थैर्य करारातून येते. तो करार दोन्ही पक्षांनी समोरासमोर बसून करायचा असतो. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सर्व खेळांसाठी मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलरची मर्यादा आहे. पैसे देतात, पण कर्मचारी म्हणायला मात्र विद्यापीठे तयार नाहीत. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना स्थापण्याचा कौल दिला होता. विद्यापीठाने वाटाघाटींस नकार दिला आणि वर्षाअखेरीस तो अर्ज मागे घ्यावा लागला. खेळाडूंची संघटना असती, दोन-तीन वर्षांचे करार असते, त्यांत शिक्षण पूर्ण करण्याची हमी आणि घडवणाऱ्या छोट्या विद्यापीठाला भरपाईची तरतूद असती, तर जर्सी सिटीचा तो संघ कदाचित आणखी एक हंगाम एकत्र राहिला असता. चाहत्याला राग काढायचाच असेल तर तो या रिकाम्या जागेवर काढावा.

मंडळातील एका कुटुंबातला मुलगा त्या वसंतात दहा वर्षांचा होता. सेंट पीटर्सचा मोरपंखी निशाण असलेला शर्ट त्याने हट्टाने घ्यायला लावला होता आणि 'सगळे गेले' म्हणून तो रडला होता. मोठ्यांनी त्याला सांगितले, 'ती मुले वाईट निघाली.' तेव्हा आम्ही गप्प बसलो, याची आज खंत वाटते. त्याला सांगायला हवे होते की ती मुले वाईट नव्हती. दहा दिवसांत त्यांनी जे करून दाखवले ते तुझ्याकडून कुणीच काढून घेऊ शकत नाही, आणि त्यानंतर ती तिथे गेली जिथे त्यांना अधिक चांगले भविष्य दिसले. तुझे आईबाबाही असेच एके दिवशी घर सोडून निघाले होते, आणि मागे राहिलेल्यांपैकी काहींनी त्यांनाही नावे ठेवली होती.

तो मुलगा आता हायस्कूलच्या संघात खेळतो. उद्या तोही कुठले तरी दार ठोठावेल, आणि एखादे मागे सोडेल. त्या वेळी त्याला कोणत्या शब्दाने निरोप द्यायचा, हे आपण आजच ठरवलेले बरे.