आरोग्याचा कोपरा : दाण्याचा कूट आणि पाहुणी मुलगी



गेल्या महिन्यातली गोष्ट. शब्बाथच्या दुपारी पिनरला आमच्याकडे ओळखीचं एक कुटुंब जेवायला आलं होतं. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीने कोशिंबीर घेण्याआधी विचारलं, “आजी, यात पीनट आहे?” मी म्हटलं, “नाही गं बाळा, नुसती काकडी.” आणि मग आठवलं, मूठभर कूट मीच घातला होता! वाटी मागे ओढली म्हणून निभावलं. त्या पोरीला दमा आहे, शेंगदाण्याची ॲलर्जीही आहे. माझे हात संध्याकाळपर्यंत कापत होते.

अलिबागला आमच्या लहानपणी शेंगदाण्याने कुणी आजारी पडल्याचं मी ऐकलं नव्हतं. मग इथल्याच मुलांना काय होतं? हाच प्रश्न लंडनच्या किंग्ज कॉलेजचे डॉक्टर गिडियन लॅक यांना पडला. त्यांच्या गटाने इंग्लंडमधली आणि इस्राएलमधली ज्यू शाळकरी मुलंच तपासली, म्हणजे वंश साधारण एकच. निष्कर्ष २००८ साली छापून आले. इथे १.८५ टक्के मुलांना ही ॲलर्जी, तिथे ०.१७ टक्के. दहापट फरक! तिथली बाळं वर्षाच्या आतच बांबा चघळतात (बालमित्रांनो, तीच ती तोंडात विरघळणारी पीनटची कुरकुरीत नळी). इथे मात्र ॲलर्जीवाल्या घरांना १९९८ पासून सरकारच सांगत होतं, तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. तो सल्ला २००९ मध्ये मागे घेतला.

पुढे त्याच डॉक्टरांनी ६४० बाळं घेतली, सगळी जोराचा इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना दिला नाही. २०१५ साली कळलं की न खाणाऱ्यांत पाच वर्षांच्या वयाला शंभरात सतरा जणांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत तिघांना. तेव्हा “बाळाला दाणे नको गं” असं सुनेला बजावणाऱ्या माझ्यासारख्या आज्यांनी आता गप्प बसावं. सहा महिन्यांनंतर मऊ, वाटलेला शेंगदाणा चालतो. इसब जोराचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही, श्वासनळीत अडकतो.

पण ॲलर्जी एकदा झाली की “थोडं थोडं खाऊन सवय होईल” हे घरी करून पाहायचं नाही. दम्याच्या मुलाची श्वासनळी आधीच सुजलेली आणि नाजूक असते. त्यात ॲलर्जी उसळली की ती आणखी आवळते. अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, घसा बसतो, छाती घरघरते. अशा वेळी निळा पंप पुरत नाही. ॲड्रेनलिनचं पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, लगेच. मग ९९९. मुलाला आडवं करून पाय उंच ठेवायचे, दम लागत असेल तर बसू द्यायचं, पण चालवायचं नाही. पाच मिनिटांत आराम नाही पडला तर दुसरं पेन. शाळांनाही २०१७ पासून जादा पेन ठेवायची मुभा मिळाली.

बालमित्रांनो, डब्यातली चिक्की मैत्रिणीला द्यायची नाही, तिने मागितली तरी. आणि मित्राचा आवाज बसला, तो खोकू लागला, तर टीचरला हाक मारा. त्याला एकट्याला बाथरूमला पाठवू नका.

मलिद्यात बदाम-पिस्ते घालताना मी हल्ली विचारते, कोण कोण येणार आहे? ती मुलगी येत्या शब्बाथला पुन्हा येतेय. कुटाचा डबा वरच्या फळीवर गेला. मिक्सरचं भांडं अजून एकदा घासायचं राहिलंय.