तांब्याच्या कुऱ्हाडी आणि चिंच-मीठ

परवा नागझिऱ्याला जाऊन आलो. वाघाने दर्शन दिलं नाही, पण ते असो. येताना गोंदियात नातेवाइकांकडे जेवायला थांबलो, तेव्हा विषय निघाला की शेतात जुनं काही सापडलं तर काय करायचं. "आधी चिंच-मिठाने घासायचं, म्हणजे कळतं तांबं की सोनं!" असं एका काकांनी ठामपणे सांगितलं. मला ते अजिबात पटलं नाही.

आमच्या गोंदियाशेजारचा बालाघाट जिल्हा. तिथे गुंगेरिया गावात १८७० मध्ये गुरं राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून धातूचं टोक वर आलेलं दिसलं. खणल्यावर ४२४ तांब्याच्या वस्तू निघाल्या, बहुतेक चपट्या कुऱ्हाडी आणि पहारीसारखी लांब अवजारं. शिवाय चांदीचे १०२ पातळ पत्रे! साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा ऐवज असावा. त्यातला काही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

इतकी वर्षं मातीत राहून ते टिकलं कसं? लोखंड गंजताना फुगतं आणि पापुद्रे सुटतात. नागपूरजवळ माहुरझरीच्या शिळावर्तुळांत निघालेल्या लोखंडी हत्यारांची गत अशीच. तांब्यावर मात्र आधी तांबूस आणि मग हिरवा थर चढतो, आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो. काशाचंही तसंच. व्हिएतनाममध्ये हनोईजवळच्या को लोआ किल्ल्यापाशी १९५९ मध्ये काशाची हजारो बाणाग्रं निघाली, तीही अशीच टिकली होती.

धारेच्या खुणा, हातोडीचे घाव, कधी कधी मुठीच्या लाकडाचा ठसा, सगळं त्या हिरव्यातच असतं. चिंचेने ते जातं. मीठ तर त्याहून वाईट. मिठातला क्लोराइड तांब्यात शिरला की दमट हवेत फिकट हिरवी भुकटी सुटू लागते, धातू आतून पोखरला जातो, आणि ते एकदा सुरू झालं की आपोआप चालूच राहतं. चार हजार वर्षं मातीने सांभाळलेलं आपण एका दुपारी बिघडवतो, याचा मला खरोखर राग येतो. (देवघरातली पळी खुशाल घासा हो, ती लगेच धुऊन पुसली जाते.)

तर मंडळी, काही सापडलंच तर घासू नका, धुऊ नका, कुठे आणि किती खोल सापडलं ते लिहून ठेवा. कोरड्या कागदात गुंडाळून जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज कळवायलाच हवा, असा १८७८ चा कायदा आहे. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "दहा रुपयांत आता चहा तरी येतो का?"