वाघाटीचं चित्र सावकाश पाहा

वाघाटी हे जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. वजन जेमतेम दीड किलो. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच देशांत ती राहते. आपल्या महाराष्ट्रातही आहे, पण रात्री हिंडते म्हणून सहसा दिसत नाही. तेव्हा तिचं चित्र समोर आलं, तर घाई करू नका.

आधी आकार पाहा. शेजारी पान, गवत किंवा दगड रंगवला असेल. त्यावरून हा जीव केवढा, ते कळेल.

मग डोकं पाहा. कपाळावरून मानेकडे गडद रेघा जातात. डोळ्यांजवळ पांढऱ्या रेघा असतात. राखाडी अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी असतात. ठिपके भरीव आहेत ना, ते बघा. मोठ्या बिबट्याचे ठिपके मधून पोकळ, फुलासारखे दिसतात.

चित्र घरी लावणार असाल, तर भिंत कोरडी निवडा. पावसाळ्यात ओल आली की कागदाला बुरशी धरते. ऊन थेट पडू देऊ नका, जलरंग फिके पडतात. आणि मुलांच्या नजरेला येईल एवढ्याच उंचीवर लावा.

मुलांना जवळ घेऊन एकेक खूण दाखवा. ही ओळख पुढे उपयोगी पडते. ऊसतोडीच्या वेळी फडात वाघाटीची पिल्लं सापडतात. कुणाला ती मांजरीची वाटतात, कुणाला बिबट्याची. कुणी मायेनं उचलून घरी आणतं, आणि पिल्लं आईला मुकतात.

तुमच्या शेतात असं झालं, तर तिथली तोड थांबवा. पिल्लांना हात लावू नका, दूध पाजू नका, गर्दी करू नका. ती बिबट्याची असली, तर आई जवळपास असेल. म्हणून लगेच लांब व्हा आणि वनखात्याला कळवा. पिल्लू कुणाचं, ते त्यांना ठरवू द्या. अंधार पडल्यावर आई पिल्लं घेऊन जाण्याची शक्यता असते. वाघाटी पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हेही घरात सांगून ठेवा.

वाघाटी उंदीर खाते. तिचं शेतात असणं तुमच्याच फायद्याचं आहे.

चित्राखाली ठळक अक्षरांत लिहा: वाघाटी. त्याखाली वनखात्याचा मदत क्रमांक लिहा: १९२६. वेळ आली, तर घरातल्या कुणालाही तो शोधत बसावं लागणार नाही.