आधी दर्या, मग होडी

पस्तीस वर्षे लोकलच्या डब्यात उभे राहून काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काय हवे असते? कोकणातल्या माणसाला विचाराल, तर तो आधी घराची कौले बदलायची म्हणेल, मग कलमांभोवती गडगा घालायचा म्हणेल, आणि बायको जवळपास नाही असे पाहून हळूच म्हणेल, "एखादी होडी मिळाली तर बघतोय. जुनी असली तरी चालेल."

आमच्या मेहुण्यांनी असेच बघितले आणि घेतलीही. फायबरची, अठरा फुटी, मागे आऊटबोर्ड इंजिन. रंग नुकताच काढलेला, निळ्यावर पिवळा पट्टा. विकणाऱ्याने किल्ली हातात दिली आणि मेहुणे त्याच संध्याकाळी नारळ घेऊन वाघोटन खाडीच्या काठावर उभे राहिले. तिसऱ्या फेरीला मी होतो आणि त्यांचा अकरा वर्षांचा नातू होता. अमावास्येचा दुसरा दिवस. जेवून निघालो, तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली होती. तिच्याकडे पाहून सुखावलो. पण भरलेली खाडी पुढच्या सहा तासांत रिकामी होणार आहे, हा साधा हिशेब दोघाही पदवीधरांच्या डोक्यात आला नाही.

तीनच्या सुमाराला विजयदुर्गाच्या तटाजवळ इंजिन गरम होऊन बंद पडले. ओहोटी जोरात होती. पाणी आम्हाला बाहेर ओढत होते आणि दुपारचा खारा वारा समुद्राकडून आत येत होता. पाणी आणि वारा समोरासमोर आले की लाटा उभ्या राहून फुटतात, हे त्या दिवशी कळले. वल्हे एकच होते. नांगर टाकला, तर दोरी तळाला पोचली नाही. लाईफ जॅकेटही एकच, तेही बैठकीखालच्या कप्प्यात, दोरखंडाच्या गुंत्याखाली. ते पोराच्या अंगात घालताना मेहुण्यांचे हात थरथरत होते. जाळी ओढून परतणाऱ्या एका होडीने आम्हाला पाहिले, दोर फेकला आणि बंदरात आणून सोडले.

होडीवरच्या वयस्कर तांडेलांनी पैसे घेतले नाहीत. जेटीवर बसून त्यांनी विडी पेटवली आणि एवढेच म्हणाले, "साहेबानू, होडी मगे घेवची असता. आदी दर्या बगूचो असता."

या लेखात सांगायचे आहे ते एवढेच. समुद्रातल्या मासेमारीची हौस चांगली आहे. ती माणसाला घराबाहेर काढते, गप्प बसायला शिकवते. पण या हौसेची सुरुवात होडी विकत घेण्याने करू नये. होडी ही तिची शेवटची पायरी आहे.

पहिली पायरी काठावरची. तंगूस, दोनचार आकारांचे गळ, थोडे शिसे आणि आमिषाला कोळंबी किंवा तारलीचा तुकडा, एवढ्या भांडवलावर जेटीवर किंवा खडकावर बसून गरवता येते. खाडीत काळुंदर मिळेल, शेंगटी मिळेल, नशीब असेल तर तांबोशी. शिंगाळ्याच्या काट्यात आणि पाकटाच्या शेपटीत विष असते, हे लागल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. पण या पायरीवर खरे शिकायचे असते ते पाणी. आपल्याकडे भरती आणि ओहोटी दिवसातून दोनदा होते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. मिनिटांचा हिशेब हवा तर भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. पण हा तोंडी हिशेब ज्याला येतो, तो निदान आमच्यासारखा उधाणाच्या दिवशी दुपारी खाडीच्या तोंडाशी जाणार नाही. उधाणाला पाणी जोरात धावते, भांगाला ते मऊ असते. नवख्याने भांगाचे दिवस धरावेत.

दुसरी पायरी दुसऱ्याच्या होडीची. एखाद्या जाणत्या मच्छीमाराबरोबर एक हंगामभर जावे. वल्हे मारावे, नांगर ओढावा, मासे निवडावेत, होडी धुवावी. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून सुटतो आणि दुपारचा खारा वारा समुद्राकडून येतो. त्या दोघांच्या मध्ये जाणे-येणे कसे बसवायचे, हे पुस्तकातून नव्हे, सोबतीतून कळते. शिवाय आपल्याला बोट लागते का, उन्हात सहा तास बसवते का, याचाही उलगडा होतो. तिसऱ्या फेरीतच हौस फिटणारे पुष्कळ असतात. त्यांची होडीची किंमत वाचते.

एवढे होऊनही मन मागे घेत नसेल, तर मग जुनी होडी बघायला निघावे. ती दोनदा बघावी. एकदा पावसाळ्यापूर्वी, होड्या वर ओढून ठेवल्या असताना. कारण होडीचा तळ पाण्यात असताना कोणी दाखवू शकत नाही. आणि एकदा पाण्यात, कारण इंजिन जमिनीवर परीक्षा देत नाही. नव्या रंगाला भुलू नये. रंगाखाली काय आहे ते बोटाच्या पेराने किंवा लाकडी हातोडीने हलकेच ठोकत ऐकावे. फायबर धड असेल तर आवाज टणक येतो. थर सुटले असतील, आत पाणी शिरले असेल, तर तो बद्द येतो. लाकडी होडी असेल तर फळ्यांचे सांधे आणि पाण्याखालचे लाकूड पाहावे. समुद्रातली कीड वरून भोक टाचणीएवढे ठेवते आणि आतून फळी पोकळ करते. इंजिन जिथे अडकवतात ती मागची फळी सर्वांत महत्त्वाची. इंजिन धरून हलवावे. फळी लवली, तर नमस्कार करून परत यावे.

इंजिन बघायला जाताना आगाऊ वर्दी देऊ नये. गरम करून ठेवलेले इंजिन कोणतेही चालू होते. थंड इंजिन किती दोऱ्या मागते ते पाहावे. थंडाव्याच्या पाण्याची धार जोमाने बाहेर पडते का, हे बघावे. आमच्या इंजिनात तीच वाट मिठाने बुजली होती, असे नंतर मेकॅनिकने दाखवले. धार बारीक होती हे आम्ही पहिल्याच दिवशी पाहिले होते, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. विकणारा खोटे बोलला नाही. आम्ही विचारलेच नाही. गिअरचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधासारखे पांढरट दिसले, तर आत पाणी गेले आहे. शेवटी माणसे बसवून अर्धा तास प्रवाहाच्या विरुद्ध चालवावी. बरोबर गावचा होडी बांधणारा सुतार किंवा मेकॅनिक असावा. त्याची मजुरी ही या व्यवहारातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे.

होडीइतकेच तिचे कागद पाहावेत. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना आहे का, सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज फिटले आहे का, इंजिनाचा क्रमांक कागदाशी जुळतो का, हे पाहून आणि नाव बदलून मगच पैसे पूर्ण द्यावेत. पर्यटकांना फिरवून चार पैसे मिळवू, असा विचार असेल तर मेरीटाइम बोर्डाचे नियम वेगळे आहेत. आणि हाती असलेले सगळे पैसे होडीत घालू नयेत. तिसरा हिस्सा बाजूला ठेवावा: दुसरे वल्हे, खोलीच्या निदान पाचपट नांगराची दोरी, आणि जितकी माणसे तितकी लाईफ जॅकेट, मुलांना त्यांच्या मापाची. ती कप्प्यात नव्हे, अंगात. निघताना हवामान खात्याचा इशारा पाहावा, परतीची वेळ घरी सांगावी आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पाठ असावा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही यादीत नसते. आपली हौस असते तिथे दुसऱ्याचे पोट असते. राज्यात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. पावसाळ्यात, साधारणतः १ जून ते ३१ जुलै, इंजिनाच्या होड्यांना मासेमारी बंद असते, आणि तिच्या तारखा दर वर्षीच्या आदेशात पाहाव्यात. २०२३ मध्ये सरकारने पापलेटाला राज्यमासा ठरवले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. छोट्या मच्छीमाराने मासळी घटल्याची तक्रार करायची आणि आपण करमणुकीसाठी पिल्ले उचलायची, हे शोभत नाही. बोटभर पिल्लू गळाला लागले तर परत सोडावे. लावलेल्या जाळ्याच्या बोयांजवळ होडी नेऊ नये. पंख्यात अडकून फाटलेले जाळे म्हणजे एका घराचे महिन्याचे रेशन असते. ज्या होडीने आम्हाला दोर फेकला, तिच्यातही त्या दिवशीची जाळी होतीच. ती सोडवण्याचे काम टाकून ती माणसे आमच्याकडे आली होती.

मेहुण्यांनी होडी विकली नाही. ती वर्षभर झापांखाली पडून होती आणि ते त्याच तांडेलांच्या होडीवर वल्हे मारत होते. नारळी पौर्णिमेनंतर इंजिन दुरुस्त होऊन ती पाण्यात उतरली, तेव्हा भांगाचा दिवस होता आणि सुकाणूवर तांडेल होते. नातू पुढे बसला होता, जॅकेट घालून. त्याने पहिला मासा ओढला, हाताच्या पंज्यावर ठेवून मापला आणि कोणी सांगायच्या आत पाण्यात सोडला.