नऊ डोक्यांची बाहुली

मुलींच्या शिक्षणावर पैसा खर्च करण्यास आमचा मध्यमवर्ग आता कचरत नाही, ही आनंदाची गोष्ट होय. ठाण्यापासून कल्याणपर्यंत वेषरचनेचे, म्हणजे रूढ भाषेत फॅशन डिझाइनचे, वर्ग जागोजागी निघाले आहेत. आणि कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली येथील अनेक घरांतील मुली खांद्याला कागदांची लांब नळी अडकवून त्या वर्गांना जातात. शुल्क भरले, कागद-रंग आणून दिले, की आपले कर्तव्य संपले असे आईबाप समजतात. मुलगी तेथे नेमके काय शिकते हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. ती तसदी आम्ही घेतली, आणि जे पाहिले त्याविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे असे आम्हांस वाटते.

पाहिले ते असे. कागदाखाली एक छापील स्त्री-आकृती ठेवावयाची, तिची बाह्यरेषा गिरवून घ्यावयाची, आणि तीवर झगा, कुडता किंवा साडी रंगवावयाची. ही आकृती पुस्तकांतून विकत मिळते, फुकटही मिळते, आणि संगणकाच्या पडद्यावर बोट टेकताच उमटते. पंचवीस पोशाख काढावयाचे असल्यास पंचवीस वेळा तीच बाई: तोच कमरेवरचा हात, तीच वळवलेली मान, तेच नाकडोळे नसलेले तोंड. एक चित्रवही आम्ही चाळली, तीत लग्नातली वधू, कचेरीत जाणारी स्त्री आणि पावसाळी पोशाखातील बाई, तिघीही एकाच ठिकाणी पाय रोवून उभ्या होत्या. अशाच वह्यांवर गुण मिळतात, आणि अशाच वह्या घेऊन मुली नोकरी मागावयास जातात.

धंद्यात या आकृतीला 'क्रोकी' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा मूळ अर्थ झटपट टिपलेले रेखाचित्र असा आहे. ज्या शब्दात नजरेची व हाताची चपळाई भरलेली होती, तो आज नजर आणि हात या दोहोंनाही रजा देणाऱ्या साधनाचे नाव होऊन बसला आहे!

आता या बाहुलीचे माप पाहू. माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट धरावी, हा चित्रशाळेतील पहिला धडा. फॅशनची बाहुली मात्र नऊ डोक्यांची असते, कधी दहांचीही. नऊ डोकी म्हटल्यावर वाचकांस लंकाधिपतीची आठवण होईल. परंतु त्याची डोकी निदान आडवी तरी होती. भारतीय स्त्रीची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. साडेसातांच्या जागी नऊ धरताच ही पाच फुटांची बाई सहा फुटांची होते; आणि वाढलेला हा एक फूट बहुतेक सारा कमरेखाली, पायांत जातो. मग कुडत्याचा काठ कोठे यावा, नक्षी किती रुंद असावी, खाली सलवार किती दिसावी, हे सारे हिशेब त्या नसलेल्या एका फुटावर बांधले जातात. कागदावर जो कुडता सडपातळ दिसला तो अंगावर ठेंगणा दिसतो, आणि आरशासमोर उभी राहिलेली बाई म्हणते, "मला हे शोभत नाही, माझी उंचीच कमी." आमचा खरा राग येथे आहे. चूक आकृतीची आणि खजील होते ती बाई! पैसे देऊन कापड घेणारीने आपल्याच देहाबद्दल क्षमा मागावी, यापरता उफराटा न्याय कोणता?

आम्ही साच्याचे सरसकट शत्रू नाही. मुलाला अक्षर शिकवताना कित्ता गिरवावयास देतात; त्याने हात वळतो. नवशिक्या मुलीने पहिले दोन-तीन महिने छापील आकृती गिरवली तर बिघडत नाही. कारखान्यातील कारागिरास शिवण, खिसा, गुंड्या कोठे आहेत हे कळवण्यासाठी जे सपाट आराखडे काढतात, त्यांतही साचा योग्यच. परंतु कित्ता एक दिवस बाजूला ठेवावयाचा असतो. पदवी हाती पडेपर्यंत जो कित्ता गिरवीत राहिला, त्याला कोणी लेखक म्हणत नाही.

कित्ता सोडावयाचा तो का, हे वस्त्राच्या स्वभावात आहे. कापडाला स्वतःचा आकार नसतो. खांदा, छाती, नितंब, गुडघा जेथे त्याला अडवतील तेथून ते वळते. शरीराचा भार एका पायावर गेला, की एका बाजूचे कटिस्थान वर उचलले जाते, त्याच बाजूचा खांदा उतरतो, आणि चुणीची दिशा बदलते. नऊवारी लुगड्यापुरते बोलावयाचे तर ओचा, निऱ्या आणि कासोटा यांचे सौंदर्य पाऊल उचलल्यावाचून कळतच नाही; ते वस्त्र चालणाऱ्या, वाकणाऱ्या, काम करणाऱ्या बाईसाठीच घडले. कमरेवर हात ठेवून निश्चल उभ्या असलेल्या बाहुलीवर ते काढले, तर नऊ वार कापडाची नुसती रंगीत छपाई होते. असा पोशाख पुढे शिवावयास गेला म्हणजे काखेत ओढतो, बसताना ताणतो, आणि मुलीने न शिकलेला धडा शिंप्याला शिकवावा लागतो.

या धड्याला फार दूर जावयास नको. कोपर स्थानकावर खालून मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग जातो आणि वरून दिवा–वसई मार्ग. खालच्या फलाटावरून वरच्या फलाटाकडे जिना चढणाऱ्या बायका अर्धा तास पाहाव्यात. एका हाताने निऱ्या आवरणारी, खांद्यावरची पिशवी आणि ओढणी एकदम सांभाळणारी, गर्भभाराने सावकाश पाऊल टाकणारी, गुडघ्यापर्यंत लुगडे नेसलेली आगरी म्हातारी: यांतली एकही त्या साच्यात बसणार नाही, आणि वस्त्र हवे आहे ते यांना. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर नटूनथटून जमणारी तरुण मंडळी, किंवा १९९९ पासून पाडव्याला निघणारी नववर्ष स्वागतयात्रा, ही तर वेषरचनेची चालती-बोलती पाठशाळाच होय. तिला शुल्क नाही. फक्त वही उघडी आणि नजर जागी हवी.

यावर आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. कोणी म्हणेल, आमच्या मुली चित्रकार व्हावयाच्या नाहीत. कबूल, पण ज्यांना माणसाचे अंग झाकावयाचे आहे त्यांना ते अंग पाहता येऊ नये काय? कोणी म्हणेल, वेळ वाचतो. वाचलेल्या वेळात विद्यार्थिनी आणखी दहा बाहुल्या गिरवते, यापलीकडे त्या बचतीचा उपयोग आमच्या दृष्टीस पडला नाही. कोणी विद्वान आपल्या शिल्पशास्त्राचा दाखला देईल, की नवतालाचे माप आपल्याकडे होतेच. होते खरे, परंतु ताल म्हणजे बारा अंगुलांचे मुखाचे माप, आणि ज्या विष्णुधर्मोत्तरात चित्रसूत्र सांगितले आहे त्याने पुरुषांचेच पाच प्रकार मानले: हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक, अनुक्रमे १०८, १०६, १०४, १००, ९० अंगुलांचे. प्राचीनांना एका साच्यात सारी माणसे कोंबता आली नाहीत; ती युक्ती अर्वाचीनांची. शेवटी कोणी म्हणेल, आता चित्र संगणकच काढील. तसे झाले तर माणसाजवळ मोलाची अशी एकच वस्तू उरेल, ती म्हणजे पाहणारी नजर. आणि साचा नेमकी तीच मारतो.

महाराष्ट्राला तरी ही उसनवारी शोभत नाही. जे. जे. कलाशाळेत शिकून तेथेच अध्यापन केलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी (१८६७–१९४४) ऑटो रॉथफेल्डच्या १९२० सालच्या 'वुमेन ऑफ इंडिया' या ग्रंथासाठी नाना प्रांतांच्या व जमातींच्या स्त्रिया रंगवल्या. नेसण्याची तऱ्हा बदलली की उभे राहण्याची तऱ्हा बदलते, हे त्यांच्या कुंचल्याला माहीत होते. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, पुढे भानू अथैया (१९२९–२०२०), याच कलाशाळेत चित्रकला शिकल्या, 'ईव्ह्ज वीकली'साठी फॅशनची चित्रे काढू लागल्या, आणि तेथून चित्रपटांच्या वेषरचनेकडे वळल्या. 'आम्रपाली' (१९६६) चित्रपटाची वस्त्रे त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या अभ्यासातून घडवली. 'गांधी' चित्रपटासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्या चित्रपटात खादीच्या पंचातील वृद्धापासून गोऱ्या अधिकाऱ्यापर्यंत किती देह आहेत ते आठवावे. नऊ डोक्यांच्या एका बाहुलीवर ते काम झाले असते काय?

कापडाच्या व्यापारालाही ही गोष्ट उमगू लागली आहे. परदेशी मापांची तयार वस्त्रे आपल्या अंगाला नीट बसत नाहीत, म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतील सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घेऊन भारतीय मापांचे कोष्टक करण्याची योजना आखली. एका बाजूस देश आपल्या माणसांची खरी मापे मोजावयास निघतो, आणि दुसऱ्या बाजूस आमच्या वर्गांतील मुली कोणाचेच नसलेले माप गिरवतात. त्यांची किंमत बाजारात काय होईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

आमचे मागणे मोठे नाही. पहिल्या सत्रानंतर छापील आकृती वर्गातून काढून घ्यावी. आठवड्यातून एक दिवस साध्या कपड्यांतील साधी माणसे, तरुण तशी वृद्ध, कृश तशी स्थूल, समोर बसवून चित्रे काढवावीत. आणि परीक्षेच्या वहीतील निदान एक पोशाख ज्या देहाचे माप घेतले त्याच देहासाठी रेखाटलेला, शिवलेला व अंगावर घालून दाखवलेला असावा. यासाठी इमारत नको, यंत्र नको. शिक्षकाने खुर्चीवरून उठावे, एवढेच हवे.

राहता राहिले पालक. त्यांनी आज रात्री मुलीची वही मागून घ्यावी आणि प्रत्येक पानावर एकच प्रश्न विचारावा: ही कोणाला पाहून काढलीस? उत्तर मिळाले नाही तर मुलीवर रागावू नये. पुढच्या सत्राचे शुल्क भरावयास जाताना तोच प्रश्न वर्गचालकांस विचारावा, आणि त्यांचे उत्तर ऐकल्यावरच पैसे मोजावेत.